बायोडाटा टाइप करून मिळेल

माझं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. सदाशिव पेठेतल्या त्या गल्लीतून मंडईची पिशवी सांभाळत मी अजूनही येते-जाते आणि दर वेळी मान आपोआप त्या शटरकडे वळते. आत एक मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. त्याला काय माहीत, ह्या आठ-बाय-दहाच्या जागेत अर्ध्या पुण्याच्या नोकऱ्या टाइप झाल्या ते!

संपादकांचा फोन आला, "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा." मला हसूच आलं. दुसऱ्यांचे अनुभव लिहिण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. विद्यार्थी मला काकू म्हणायचे, मोठी माणसं ताई म्हणायची आणि समोरचे निवृत्त प्राध्यापक नुसतेच "अहो टायपिंग" अशी हाक मारायचे. माझं नाव विचारायची गरज कधी कुणाला पडली नाही. त्यांचं नाव मात्र मला स्पेलिंगसकट पाठ असायचं.

माझ्या मिस्टरांच्या एका मित्राने टायपिंगचा क्लास बंद केला, तेव्हा त्याच्याकडची एक इंग्रजी आणि एक मराठी अशी दोन यंत्रं आम्ही घेतली. इंग्रजी यंत्राचा 'e' जरा वर उडायचा. आमच्या दुकानाची ती खूणच झाली होती. एका कंपनीतले साहेब उमेदवाराला म्हणाले होते म्हणे, "सदाशिव पेठेत टाइप केलंय ना?"

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा नोकरी बदलणं हा प्रकारच नव्हता. माणूस एकदा चिकटला की निवृत्तीलाच सुटायचा. त्यामुळे बायोडाटा हा कागद बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच यायचा. वर स्वतःचं नाव, खाली वडिलांचं, मग जन्मतारीख, धर्म, जात, उंची, लग्न झालंय की व्हायचंय, आणि त्यानंतर कुठेतरी शिक्षण. शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' म्हणून सही. नोकरीचा कागद आणि लग्नाचा कागद यांत फारसा फरक नसे. लग्नाच्या कागदावर वरती गणपती असायचा आणि खाली मामाचं कूळ असायचं, एवढंच.

त्यातून एकदा घोटाळाही झाला. एका आईने मुलाचे दोन्ही कागद एकदमच करून घेतले आणि घरी जाऊन पाकिटांत उलटे भरले. चिंचवडच्या एका कारखान्याच्या पर्सोनेल ऑफिसरला राशी, नाडी, गण सगळं पोचलं. गृहस्थ पुण्याचेच असावेत. त्यांनी घरी फोन करून सांगितलं, "आमच्या कंपनीला मंगळ नाही. मुलाला सोमवारी पाठवून द्या." मुलगा चिकटला. त्याचे पेढे मी खाल्ले आहेत.

नव्वदीनंतर मात्र हवा पालटली. रविवारच्या पेपरात नोकरीच्या जाहिरातींची पानंच्या पानं यायला लागली. पिंपरी-भोसरीकडच्या जुन्या कारखान्यांत 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द फिरायला लागला, आणि त्यात कुणाची इच्छा असते हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरीकडे कॉम्प्युटरवाल्या मुलांना पंख फुटले. मीही यंत्रं कोपऱ्यात सरकवून कॉम्प्युटर घेतला. 'बायोडाटा' मागे पडला आणि 'रेझ्युमे' आला. मुलं शेजारी स्टूल ओढून बसायची आणि फर्मान सोडायची, "काकू, वडिलांचं नाव काढा. वजन काढा. आता कोणी लिहीत नाही." वडिलांचं नाव काढायला माझं बोट सुरुवातीला अडखळायचं. पुढे सवय झाली.

त्याच काळात दुसरंही एक पीक आलं. चांगल्या घरातली मुलं यायची आणि हळूच म्हणायची, "काकू, तीन वर्षांचा अनुभव टाकायचाय. कंपनीचं नाव मी सांगतो, लेटरहेड तुम्ही बनवा." असली कंपनी कुठे नसायचीच. एकाला मी विचारलं, "तीन वर्षांपूर्वी तू बारावीत होतास ना रे? माझ्याकडूनच प्रोजेक्ट टाइप करून घेतलास." तो म्हणाला, "सगळेच करतात." मी नाही म्हटलं, की तो पुढच्या चौकात जायचा आणि करून घ्यायचा. रोज तेच बोलून कंटाळा आला तेव्हा मी पाटी लावली: 'बायोडाटा टाइप करून मिळेल. अनुभव ज्याचा त्याने आणावा.' गिऱ्हाईक थोडं कमी झालं. प्राध्यापकांनी पाटीतली एक वेलांटी सुधारून दिली आणि ते प्रथमच म्हणाले, "वा."

ह्या पाटीखाली उभ्या राहून निर्मला ओव्हाळ पहिल्यांदा हसल्या, म्हणून त्या माझ्या लक्षात राहिल्या.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स. "अनुभव आणलाय," त्या म्हणाल्या, "पण तो टाइप होईल की नाही, शंका आहे."

मी मान वर केली ती त्यांच्या आवाजामुळे. काही आवाज ऐकल्यावर आपण नीट सावरून बसतो ना, तसा तो आवाज होता. मोठा मुळीच नव्हता. पण प्रत्येक अक्षर स्वच्छ, सुटं आणि घाई नसलेलं. प्राध्यापक तेव्हा त्यांचा लेख तपासत बाकावर बसले होते. त्यांनीही चष्मा वर केला.

"आपण मूळच्या इथल्याच का? पेठेतल्या?" त्यांनी विचारलं.

"नाही. ताडीवाला रोडच्या वस्तीतली."

"नाही, पण उच्चार फार शुद्ध आहेत आपले."

"हो. तिकडेही असतात," निर्मलाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. प्राध्यापकांनी चष्मा खाली घेतला आणि ते लेखात एक स्वल्पविराम शोधायला लागले.

निर्मलाबाई एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. बाहेरून फोन आला की तो आधी त्यांच्याकडे यायचा. कोण बोलतंय, कोण हवंय ते विचारून त्या बोर्डावरून आतली लाइन जोडून द्यायच्या. वडील खडकीच्या कारखान्यात कामगार होते. ते बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेल्या पहिल्या पिढीतले. मुलगी मॅट्रिक झाली तेव्हा त्यांनी तिला घरी न बसवता ऑपरेटरच्या कोर्सला घातलं, आणि तेव्हापासून ती त्या एकाच बोर्डावर बसली होती. साहेब बदलले, बोर्ड बदलला, वायरी जाऊन बटणं आली, निर्मलाबाई तिथेच.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"आता मशीन आलं. फोन केला की आपोआप आवाज येतो, स्वागत आहे, आतला नंबर माहीत असल्यास दाबा. तीन भाषांत." त्या जरा थांबल्या. "तो आवाज माझाच आहे."

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. एका दुपारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "बाई, तुमच्यासारखा आवाज नाही कुणाचा, एवढी चार वाक्यं रेकॉर्ड करून द्या." त्यांनी आनंदाने दिली. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात त्यांना स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला.

"चिडला नाहीत?"

"चिडले ना. घरी येऊन भांडी आपटली. पण भांडी आपटताना बोलत नाही मी. घसा जातो."

पहिला बायोडाटा आम्ही जुन्या धर्तीवर केला. धर्माच्या रकान्याशी मी थांबले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बौद्ध लिहा. वडिलांनी पहिल्या अर्जावर मला स्वतःच्या हाताने लिहायला लावलं होतं." मी लिहिलं. जन्मतारीख लिहिली. अनुभवाच्या जागी एकच ओळ झाली: टेलिफोन ऑपरेटर, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत. आयुष्याचा एवढा मोठा तुकडा आणि कागदावर तो दोन बोटं भरला. खाली सगळं पान पांढरं.

तो कागद त्यांनी खूप ठिकाणी पाठवला. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका हॉटेलने बोलावलं आणि रिसेप्शनच्या सोफ्यावर बराच वेळ बसवून सांगितलं की आम्हाला 'फ्रेश चेहरा' हवा आहे. निर्मलाबाई तिथून थेट दुकानात आल्या. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजवर माझा चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. म्हणजे फ्रेशच की."

आम्ही दोघी हसलो. पण हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. त्यांच्या मिस्टरांची तब्येत बरी नव्हती आणि मुलगी कॉलेजात होती हे मला तोवर कळलं होतं. मी म्हटलं, "हा कागद आपण नव्याने करू."

नव्या धर्तीच्या कागदात वय वर लिहीत नाहीत, धर्म-जात लिहीत नाहीत, आणि काय काय केलं ते एकेका ओळीत, जरा ताठ मानेने सांगावं लागतं, हे मी एव्हाना मुलांकडूनच शिकले होते. ते त्यांना सांगितलं. धर्माचा रकाना जाणार म्हटल्यावर त्यांनी जुना कागद एकदा वाचून घेतला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "फोन जोडताना मी कुणाला विचारत नव्हते. त्यांनीही विचारू नये. पण वडिलांचं नाव कुठेतरी राहू द्या."

म्हणून आम्ही नाव लिहिलं ते असं: निर्मला सुरेश ओव्हाळ, पूर्वाश्रमीच्या निर्मला भिकाजी गायकवाड. रेझ्युमेच्या कुठल्याच नियमात हे बसत नव्हतं. पण दुकान माझं होतं.

मग मी विचारलं, "आता सांगा, काय काय केलं इतकी वर्षं?"

"फोन जोडले."

"ते झालं. आणखी?"

"आणखी काय? आलेले फोन जोडले, गेलेले लावून दिले."

हे मला नवीन नव्हतं. इमानाने काम केलेल्या माणसाला आपण काय केलं ते सांगताच येत नाही. ज्याने काही केलेलं नाही तो दोन पानं बोलतो. अशा माणसांसाठी माझी एक रीत होती. मी की-बोर्ड बाजूला सारायची, चहा मागवायची आणि विचारायची, "कामावरचा एखादा दिवस आठवतो का, जो विसरता येत नाही?"

निर्मलाबाईंनी चहाचा कप तसाच हातात धरला.

"पेंट शॉपला, म्हणजे रंगाच्या खात्याला, आग लागली होती तो," त्या म्हणाल्या.

त्यांचं टेबल गेटच्या वरच्या मजल्यावर होतं. धूर खिडकीतून आत यायला लागला तसे सगळे खाली पळाले. त्या उठल्या नाहीत. अग्निशमन दल, दवाखाने, रक्तपेढी, सगळीकडे त्यांनी फोन लावले. मग कामगारांच्या घरी. तेव्हा कामगारांच्या घरी फोन कुठले असायला? कुणाच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा नंबर, कुणाच्या घरमालकाचा. हे सगळे नंबर त्यांना तोंडपाठ होते, कारण एरवी घरी निरोप द्यायचा असला की फोन त्याच लावून द्यायच्या. एकेका दुकानात फोन करून त्या सांगत होत्या, "अमक्यांच्या घरी निरोप द्या, ते सुखरूप आहेत. घाबरू नका म्हणावं." तोंडाला ओला रुमाल लावायचा, बोलायचं, पुन्हा लावायचा. शेवटी अग्निशमनचा माणूस वर येऊन त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेला.

मी चहा विसरून टाइप करायला लागले. इंग्रजीत लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ होता, 'कारखान्यातील आगीच्या वेळी आणीबाणीची संपर्कव्यवस्था यशस्वीपणे सांभाळली'. मला ती ओळ फार आवडली. ह्या एका ओळीवर कुणीही बोलावेल, असं मला वाटलं. मी त्यांना वाचून दाखवली.

त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"'यशस्वीपणे' खोडा," त्या म्हणाल्या.

मी खोडलं.

"ताई, दोन माणसं गेली त्या दिवशी. एकाच्या बायकोला मीच सांगितलं. किराणावाल्याने तिला फोनवर बोलावून आणलं, आणि माझा आवाज ऐकून तिला वाटलं, सुखरूप असल्याचाच निरोप आहे. मी बोलायच्या आधीच ती हसली." त्यांनी कप खाली ठेवला. "अख्खी ओळच खोडा. ते नोकरी मागायला सांगायचं नसतं."

मी समजावून पाहिलं, की तुम्ही किती जणांचा जीव भांड्यात पाडलात ते सांगण्यात गैर काही नाही. त्या ऐकेनात. ओळ गेली. माझ्या हातून टाइप झालेली ती सगळ्यात चांगली ओळ होती आणि ती कुणाच्याच वाचनात आली नाही. आजही वाटतं, ती ठेवायला हवी होती. आणि लगेच वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

पान पुन्हा रिकामं झालं. आता काय लिहायचं म्हणून मी उगाच टेबलावरच्या फोनशी चाळा करत होते, आणि मला सुचलं.

"तुमच्या कंपनीत ते मशीन अजून चालू आहे ना?"

"चालणारच. मला काढून बसवलंय."

मी नंबर विचारला आणि फिरवला. पलीकडून निर्मलाबाई माझं स्वागत करायला लागल्या, स्वच्छ, सुट्या, घाई नसलेल्या मराठीत. समोर बसलेल्या निर्मलाबाई गप्प होत्या. मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्यांनी तो आवाज तोवर बाहेरून कधी ऐकलाच नव्हता.

"चांगलं बोलते ही बाई," त्या म्हणाल्या.

मग आम्ही पानाच्या वरच, ठळक अक्षरांत, इंग्रजीत, ओळ टाकली: 'उमेदवाराचा आवाज ऐकण्यासाठी कृपया पुढील क्रमांकावर फोन करावा. स्वागताचे निवेदन तिन्ही भाषांत उमेदवाराच्याच आवाजात आहे.' खाली कारखान्याचा नंबर.

"ज्यांनी काढलं त्यांच्याच दारी लोकांना पाठवायचं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"काय बिघडलं? आवाज तुमचा आहे."

"बिघडलं काही नाही. फक्त साहेबांना कळणार नाही, एकाएकी इतके फोन का येतात ते."

तेव्हा मोबाइल कंपन्या नुकत्याच गावोगाव पसरत होत्या. अशाच एका कंपनीने ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं केंद्र पुण्यात उघडलं होतं. मुलंमुली भरपूर मिळाली, पण बहुतेकांना धड मराठी बोलता येईना. जे बोलायचे ते निम्मं इंग्रजीत, आणि जुन्नर-इंदापूरकडच्या गिऱ्हाइकाला ते कळेना. तिथल्या चेन्नईच्या तरुण मॅनेजरने निर्मलाबाईंच्या कागदावरचा नंबर फिरवला. मराठी त्याला येत नव्हतं. त्याने शेजारच्या मुलीला ऐकवलं. त्या मुलीने पूर्ण ऐकलं, आणि पुन्हा एकदा लावून ऐकलं. त्यांनी निर्मलाबाईंना बोलावून घेतलं.

मुलाखतीची हकिकत त्यांनी मला त्याच संध्याकाळी दुकानात उभ्या उभ्या सांगितली.

मॅनेजरने विचारलं, "मॅडम, इथे सगळे बावीस-तेवीस वर्षांचे आहेत. तुम्हाला त्यांच्यात बसायला जमेल?"

"मला जमेल," त्या म्हणाल्या. "त्यांना जमेल का, ते त्यांना विचारा."

मग त्यांना कानाला लावायचा फोन देऊन एका खऱ्याच तक्रारीवर बसवलं. मांजरी गावाकडचा एक शेतकरी होता, आणि त्याच्या आधी दोन मुलांनी त्याच्यापुढे हात टेकले होते. तो ओरडत होता, "कोन हाय का तिकडं? का नुसती पोरं बसीवल्यात? परवाधरनं फोन मुका हाय माझा, दुसऱ्याच्या फोनवरनं बोलतोय. टेम्पो मार्केट यार्डात उभा हाय, आन् आडत्या माझ्यावर बोंब मारतोय की फोन का उचलत न्हाईस!"

निर्मलाबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "दादा, माल उतरला का आधी?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"उतरला," तो म्हणाला.

"काय होतं?"

"फ्लावर व्हता."

"मग बरं झालं. ऊन लागलं असतं तर पिवळा पडला असता. आता तुमचा नंबर सांगा, सावकाश. तुमचं काम होईपर्यंत मी इथेच आहे."

मालाचं विचारायचं त्यांना कसं सुचलं, असं मी विचारलं. "फोनवर ओरडणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी उन्हात उभं असतं," त्या म्हणाल्या. "आधी ते सावलीत घ्यावं लागतं."

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. बोलता बोलता कॉम्प्युटरवर तक्रार टाइप करायची होती, आणि त्यांना एकेक अक्षर शोधावं लागत होतं. मॅनेजर म्हणाला, "आवाज पसंत आहे. टायपिंग शिकून पहिल्या तारखेला या. जमलं तर ठेवू."

म्हणून त्या माझ्याकडे शिकायला यायला लागल्या. कॉम्प्युटरवर दिवसभर गिऱ्हाईक असायचं, तेव्हा मी कोपऱ्यातलं जुनं इंग्रजी यंत्र पुसून पुढे घेतलं, तेल घातलं, नवी रिबीन आणली. दुपारी दुकान जरा निवांत असायचं. मी शिकले तसंच त्यांना शिकवलं, बोटांवर फडकं टाकून, खाली न बघता. त्यांची करंगळी उचलायचीच नाही. चूक झाली की त्या स्वतःलाच ऑपरेटरच्या आवाजात सांगायच्या, "क्षमस्व, आपण लावलेलं अक्षर अस्तित्वात नाही." प्राध्यापक बाकावर बसून ऐकायचे. एकदा ते आपणहून म्हणाले, "बाई, मी मजकूर वाचतो, तुम्ही टाइप करा. ऐकत ऐकत टाइप करायची सवय व्हायला हवी तुम्हाला." आणि मग रोज दुपारी ते आपला एखादा इंग्रजी लेख सावकाश वाचून दाखवायला लागले. माझ्या दुकानातल्या सगळ्या दुपारींमध्ये त्या दुपारी मला सगळ्यात जास्त आठवतात. बाहेर ऊन, आत यंत्राची टकटक, प्राध्यापकांचा खोकला आणि मधूनच निर्मलाबाईंचं "पुन्हा एकदा सांगता का?"

पहिली तारीख आली. त्या गेल्या. त्यांना ठेवून घेतलं. वेग बेताचाच होता, पण त्यांच्याशी बोलताना गिऱ्हाईकच सावकाश बोलायचं, त्यामुळे चालून गेलं.

पुढे त्या तिथे नवीन मुलींना बोलायला शिकवायला लागल्या, आणि काही काळाने नव्या मुली निवडायचं कामही त्यांच्याकडे आलं. माझं काम मात्र तेव्हाच कमी व्हायला लागलं होतं. मुलं सायबर कॅफेत जाऊन स्वतःच रेझ्युमे भरायला लागली होती. वेबसाइटवर रकाने तयार असतात, म्हणे. माझ्या स्टुलावर कोणी बसेनासं झालं. त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी निर्मलाबाई दुकानात आल्या आणि त्यांनी हातातला कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्या मुलींमधून निवडायच्यात. मला काहीच कळत नाहीये. तुम्हीच बघा."

मी चष्मा लावला. पहिला कागद: 'आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःच्या व कंपनीच्या प्रगतीस हातभार लावणे हे माझे ध्येय.' दुसरा कागद, तेच. तिसरा, तेच. सगळ्या मेहनती, सगळ्या प्रामाणिक, सगळ्यांना वाचनाची आणि लोकांशी संवाद साधण्याची आवड. नावं आणि गावं तेवढी वेगळी. नगरची, बार्शीची, भोरची.

"ताई," निर्मलाबाईंनी विचारलं, "हे सगळं तुमचंच ना?"

माझंच होतं. निम्मे कागद तर माझ्याच दुकानातून गेले होते, आणि उरलेले कुणीतरी माझ्यावरूनच उतरवले होते. मला आधी हसू आलं आणि मग ते तोंडातच राहिलं. ह्यांतल्या कितीतरी मुली माझ्या स्टुलावर बसून गेल्या होत्या. घाईच्या दिवसांत मी त्यांना चहा विचारला नव्हता. ठरलेला मजकूर उघडला होता, नाव बदललं होतं आणि छापून दिला होता.

"आता कशा निवडणार?" मी विचारलं.

"तुमचा फोन वापरू?"

त्यांनी फोन जवळ ओढला, गठ्ठ्यातला वरचा कागद समोर घेतला आणि नंबर लावला. पाठ ताठ झाली. तो भोरच्या मुलीचा कागद होता. नंबर बहुधा शेजाऱ्यांचा असावा, कारण तिला बोलावून आणेपर्यंत निर्मलाबाई रिसीव्हर कानाला धरून शांत बसून राहिल्या. बाहेर स्कूटर्सची ये-जा चालू होती. मी पंखा बंद केला.

मग पलीकडून कुणीतरी धापा टाकत "हॅलो" म्हटलं. ते मलाही ऐकू आलं.

"नमस्कार. मी निर्मला ओव्हाळ बोलतेय, पुण्याहून. घाई नाही. आधी दम घ्या." त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. "तुमचा अर्ज वाचला मी. आता तुम्ही सांगा."